बायजाची प्लेट

त्या वर्षी कोळीगीतांना मुंबईत एकाएकी दिवस आले. रेडिओवर ती लागायला लागली, लग्नांत वाजायला लागली, आणि ज्यांनी उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता अशी गिरगाव-दादरची माणसं ग्रामोफोनच्या जुन्या प्लेटी हुडकत फिरू लागली. पण जुन्या प्लेटी उरल्या होत्या कुठे? लढाईच्या काळात प्लेटी बनवायच्या लाखेची टंचाई झाली, तेव्हा कंपन्यांनी लोकांकडून जुन्या प्लेटी परत घेऊन वितळवल्या होत्या. जुनी द्या, नवी स्वस्तात घ्या. ज्या गाण्यांना तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं ती अशी विरघळून गेली. आता तीच गाणी मागेल ती किंमत मिळवत होती.

मुरुडच्या बाजारात वेणूबाईचं दुकान होतं. कंदिलाच्या काचा, स्टोव्हचे बर्नर, गजराची घड्याळं, आणि आतल्या कपाटात फोनोच्या प्लेटी. लग्नाच्या दिवसांत फोनो आणि बॅटरीवरचा कर्णा भाड्याने जायचा. चार वर्षांपूर्वी नवरा, दत्तात्रेय, तापाने गेला तेव्हा बाजारातल्या शहाण्यांनी पैजा लावल्या होत्या की बाई सहा महिन्यांत दुकानाला फळ्या लावणार. वेणूबाईने फळ्या लावल्या नाहीत. फोनोची स्प्रिंग बदलायला शिकली, उधारी वसूल करायला शिकली, कर्णा घेऊन मांडवामांडवात गेली. दत्तात्रेय मऊ माणूस होता, कुणीही यावं आणि त्याला गंडवून जावं. आपल्याला कुणी गंडवत नाही याचा तिला अभिमान होता, आणि तो अभिमान तिने कष्टाने कमावलेला होता.

नवरात्राआधी माळा झाडताना तिला ती प्लेट सापडली. कागदी पाकिटातली, एकही चरा नसलेली. वरच्या गोल कागदावर छापलं होतं: बायजाबाई, एकदरा.

बायजा कोण हे मुरुडात कुणाला विचारायला नको होतं. खाडीपलीकडच्या एकदऱ्याच्या तुळशीराम तांडेलाची बायको. सतरा वर्षांची असताना कंपनीची माणसं तिला आणि आणखी तिघींना बोटीत बसवून मुंबईला घेऊन गेली होती आणि तिची दोन गाणी भरली होती; एका बाजूला हळदीचं, दुसऱ्या बाजूला नारळी पुनवेचं. आवाज जरासा घोगरा. वर चढताना आता फाटतो की काय असं वाटावं, आणि तिथूनच तो स्वच्छ सुटावा. पुढे वीस वर्षं एकदऱ्यातली एक हळद तिच्यावाचून लागली नाही. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आता तिच्या तोंडून नुसता हुंकार निघायचा, होय म्हणायचं असलं तरी तोच आणि नाही म्हणायचं असलं तरी तोच.

किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये उतरलेल्या मुंबईच्या एका शौकिनाने दुकानात ती प्लेट पाहिली आणि चाळीस रुपये सांगितले. वेणूबाईने विचार करते म्हणून सांगितलं. दिवाळीनंतर तो परत आला, साठ म्हणाला. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं. न विकता नुसतं थांबून भाव वाढतो, ही गंमत तिला नवीन होती. त्या दिवसांत ती कपाटाजवळून जाताना त्या पाकिटावरून हात फिरवायची.

मार्गशीर्षात कंपनीचा फिरता विक्रेता करमअली आला. महिन्यातून एकदा तो रेवसला लाँचमधून उतरून, एस.टी. आणि खाड्या ओलांडणाऱ्या तरी बदलत सगळा किनारा करायचा. हसरा माणूस, चहा प्यायल्याशिवाय पेटी उघडायचा नाही. कपाटातली प्लेट बघून त्याने कप खाली ठेवला.

"ही अजून धरून बसलात? बाई, कंपनी ही परत काढतेय. मुंबईच्या गोदामात साचा सापडला. संक्रांतीच्या सुमाराला माल येईल, पावणेतीन रुपये. तुमच्या सहा लिहू?"

"नक्की येणार?"

"मी ऑर्डरी घेत फिरतोय, आणि नक्की काय विचारता! ही मात्र त्याआधी काढून टाका. नवी आली की हिच्याकडे कुत्रंसुद्धा बघणार नाही."

दोघंही हसली. वेणूबाईने सहा लिहायला सांगितल्या.

मुंबईच्या शौकिनाला तिने लॉजवाल्यामार्फत निरोप धाडला, ऐंशीला देते म्हणून. तो आला नाही. त्यालाही खबर लागली असावी. वेणूबाईला वाटलं, आपण नको तितकं ताणलं. साठ रुपये हातचे गेले ही गोष्ट तिला टोचत राहिली, आणि त्या टोचणीतच ती होती तेव्हा तुळशीराम दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

तो उंच, रापलेला, पन्नाशीतला माणूस. होडीवर त्याचा आवाज वाऱ्यावर चढायचा, पण दुकानात शिरला की तो अंग चोरून उभा राहायचा.

"वेणूबाय, तुमच्याकडं बायजाची प्लेट हाय म्हनं."

"आहे की. बसा तांडेल."

तो बसला नाही. "आमच्या गोदूचं लगीन हाय माघात. हळद लावताना आयशीचा आवाज तिच्या कानावर पडावा, येवढंच मनात हाय. आमच्याकडं व्हती प्लेट. लडाईच्या टायमाला मीच दिली बदलून. पिच्चरची नवी मिळत व्हती ना! बायजा कायच बोलली न्हाय तवा. आता बोलूच शकत न्हाय."

वेणूबाईने प्लेट काढली. तो हात धोतराला पुसत होता, पण पुढे करत नव्हता.

"याला गिऱ्हाईक आहे, तांडेल. मुंबईचे एकजण आहेत. ऐंशी द्यायला तयार आहेत. शुक्रवारी येतो म्हणालेत."

ऐंशी म्हणजे शाळामास्तराचा महिन्याचा पगार. तुळशीरामची नजर पाकिटावरून हलेना. मग म्हणाला, "येकदा लावाल?"

तिने फोनोला चावी दिली, नवी सुई लावली. सुरुवातीची खरखर झाली आणि बायजा गायला लागली. सतरा वर्षांची बायजा. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकली. तुळशीरामने दुकानाच्या फळीची कड धरली आणि गाणं संपेपर्यंत सोडली नाही. वेणूबाई त्याच्याकडे बघत होती. पुढे कितीतरी वेळा तिला आठवायचं की आपण तेव्हा बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, हा घेणार.

गाणं संपलं. त्याने विचारलं, "ही आनखी कुठं मिळंल का? मुंबईत, नवी?"

सरळ प्रश्न होता. वेणूबाईने सुई उचलली, प्लेट पाकिटात घातली.

"कुठे मिळणार? बंद झाली ना ती."

त्या दिवशी ते अक्षरशः खरं होतं.

बोंबलाच्या पाटीवर आण्यासाठी तासभर वाद घालणारा तो माणूस, त्याने भाव पाडून मागितला नाही. "मना चार दिस द्या," एवढंच बोलला, आणि चौथ्या दिवशी पैसे घेऊन आला. प्लेट त्याने धुतलेल्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरली आणि जाताना म्हणाला, "तुमचे लई उपकार झाले." वेणूबाईने मान डोलावली. त्या संध्याकाळी तिने दिरांना, ते म्हसळ्याहून आले होते, सगळा सौदा रंगवून सांगितला. दीर खूश झाले. "वहिनी, दत्तूला जन्मात जमलं नसतं हे!" ती हसली. तिलाही तसंच वाटत होतं.

संक्रांत झाली आणि करमअलीची पेटी आली. भुशात नीट रचलेल्या सहा नव्या प्लेटी. वेणूबाईने एक काढून लावली, खरी बायजाच आहे का बघायला. बायजाच होती. तिने सुई मध्येच उचलली, पेटी फळीखाली सरकवली आणि वर गोणपाट टाकलं.

लग्न होऊन जाऊ दे, तिने मनाशी ठरवलं. एकदा लग्न झालं की कोण विचारतंय. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, नवी कोळीगीतं आली का विचारत. "अजून नाही," ती म्हणाली. दुसऱ्या वेळी म्हणताना तिला आपला आवाज फार मोठा वाटला. फळीखाली पाय लांब केला की बोटं पेटीला लागायची. ती पाय आखडून बसू लागली.

लग्नाचं फोनोचं भाडं तिच्याकडेच होतं. माघातल्या त्या दिवशी फोनो, कर्णा, बॅटरी असं सगळं तरीत घालून ती एकदऱ्याला गेली. तरीवाल्या अंबाजीने पैसे घेतले नाहीत. "तुमच्याकडनं? आज?" तो म्हणाला. तिला वाटलं, लग्नघरचं माणूस म्हणून.

मांडवात शिरल्यावर मात्र तिला चमत्कारिक वाटायला लागलं. बाया उठून जागा देत होत्या. कुणी पाणी आणलं, कुणी कर्णा उचलायला धावलं. हळदीच्या वेळी ती सवयीने मागे, खांबाच्या आडोशाला जाऊन बसली. विधवा बाईने पुढे पुढे करायचं नसतं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. तेवढ्यात तुळशीरामची थोरली बहीण ठमाबाई तरातरा आली आणि तिचा दंड धरला.

"तुमी मागं बसाचं न्हाय. आज तुमी पयल्या."

तिने वेणूबाईला ओढत नेऊन बायजाच्या शेजारी बसवलं. बायजाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, लोडाला लोड लावून. केस विंचरले होते, वेणी माळली होती. ठमाबाईने वेणूबाईच्या ओंजळीत नारळ ठेवला, त्यावर मोरपंखी लुगडं ठेवलं आणि बायकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आजकाल फुकाट कोन कुनाला काय देतंय? मुंबयचा मानूस ऐंशी देत व्हता, ऐंशी! आनि या बायनं माज्या भावाकडनं पै घेतली न्हाय. म्हनाली, बायजाचा आवाज बायजाच्या घरी जाऊ दे."

वेणूबाईला आधी कळेचना. मग तिने मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या तुळशीरामकडे पाहिलं. त्याने क्षणभर तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान खाली घातली. मग तिला सगळं कळलं. ऐंशी रुपये कुठून आणले हे घरात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने तिला दानशूर करून टाकलं होतं.

बायका तिच्याकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. बोलायला वेळही होता.

"अहो, त्यात काय एवढं," वेणूबाई म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिचे कान तापले. पण ठमाबाईचं समाधान झालं, बायका कौतुकाने हसल्या, आणि कुणीतरी ओरडलं, लावा गो प्लेट!

प्लेट तिनेच लावली. कर्ण्यातून बायजाचा आवाज मांडवावर, माडांवर, तिथून खाडीवर गेला. गोदू पाटावर बसली होती, गालांना हळद. पहिल्या ओळीला तिने आईकडे बघितलं आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. रडत होती आणि हसत होती. म्हाताऱ्या बाया प्लेटीबरोबर गायला लागल्या. बायजाचा अर्धा चेहरा हलत नव्हता, पण दुसऱ्या अर्ध्यावर काय काय येऊन गेलं ते वेणूबाईला शेजारी बसून बघावं लागलं. ओठ गाण्याबरोबर हलायला बघत होते. मग बायजाने डावा हात उचलला, चाचपडत वेणूबाईचं मनगट धरलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं.

हात सोडवून घेता येईना. गाणं लांबत चाललं होतं. वेणूबाईच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती इतकी साधी होती की आधी कशी सुचली नाही याचं तिला नवल वाटलं. फोनो तिचा होता. भाडं ठरलेलं होतं. ती प्लेट नुसती बरोबर घेऊन आली असती आणि लावली असती, तरी हे सगळं असंच्या असं झालं असतं.

घरी आल्यावर तिने लुगडं ट्रंकेच्या तळाशी घातलं. पेटी फळीखालून काढायची ठरवली होती, ती काढली नाही.

आठवड्याच्या आत एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याने तिच्यावर ती काढायची वेळ आणली. त्याने मुंबईहून स्वतः नवी प्लेट आणली होती. सकाळची अलिबागची गाडी लागली की बायजा गायची, दुपारची गाडी आली की बायजा गायची. भजी खाणारी माणसं पायाने ठेका धरायची. बाजारातून आवाज दुकानापर्यंत यायचा. वेणूबाई कपाटातली घड्याळं उगाच पुसायची.

"तुमच्याकडे नाही आली?" गिऱ्हाइकं विचारू लागली. "हॉटेलवाला तर पावणेतीनला मिळाली म्हणतो."

शेवटी तिने गोणपाट बाजूला केलं. लावून पाहिलेली एक सोडून पाचही प्लेटी दोन दिवसांत खपल्या.

तुळशीराम आता येईल, फळीसमोर उभा राहून जाब विचारील, म्हणून ती वाट बघत होती. उत्तरंही तयार ठेवली होती. मला कुठे ठाऊक होतं? धंदा आहे, तांडेल. तुम्हीच मागितलीत. उत्तरं रोज बदलत होती आणि तो काही येत नव्हता. मासळीबाजारात एकदऱ्याच्या बाया ज्या बाजूला बसत ती बाजू तिने सोडली. दुसऱ्या टोकाला जाऊन शिळी मासळी घ्यायची आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून परतायचं.

एके दिवशी तरीवाला अंबाजी कंदिलाची काच घ्यायला आला. काच कागदात गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, जमेल तितक्या सहजपणे, "तांडेल बरे आहेत ना?"

"कुठचा बरा? जाळं गेलं त्याचं माघाच्या पुनवेला. उधाण व्हतं, जुनं जाळं, फाटून गेलं समदं. नव्या जाळ्याचं सूत आनून ठेवलं व्हतं ना त्यानं, ते म्हनं राजपुरीच्या मेव्हन्याला उसनं दिलं. ऐन टायमाला कोन देतं उसनं? आता दुसऱ्याच्या होडीवर जातो खलाशी म्हनून." अंबाजीने काच उजेडात धरून पाहिली. "तांडेल मानूस. बघवत न्हाय."

तो गेल्यावर वेणूबाईने दिवसांचा हिशेब केला. चार दिवस द्या, तुळशीराम म्हणाला होता. चार दिवसांत त्याने सूत विकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऐंशी रुपये पदराच्या गाठीला बांधले आणि तरीत जाऊन बसली. तुळशीरामला एकट्याला गाठायचं, पैसे हातात द्यायचे, चुकलं म्हणायचं, आणि परत यायचं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. वाटेत तिने हे इतक्यांदा घोकलं की तर पलीकडे लागली तेव्हा तिला जवळजवळ हलकं वाटत होतं.

तुळशीराम घरी नव्हता. होडीवरून यायचा होता. अंगणात ठमाबाई वलांडीवर बोंबील वाळत टाकत होती आणि दारापाशी, उन्हात, चटईवर बायजा बसली होती. वेणूबाईला पाहून बायजाच्या तोंडून हुंकार निघाला आणि डावा हात वर झाला.

"आली गो आमची दानशूर बाय!" ठमाबाई ओरडली. शेजारच्या दोघीतिघी डोकावल्या. "बसा, बसा. ऐकलंत का, वेणूबाय, स्टँडावर आता आमची बायजा गातंय! नवी प्लेट निघाली, पावनेतीन रुपयाला! मी म्हनलं, बरं झालं माज्या भावानं ऐंशी मोजलं न्हाईत, न्हायतर लोक थुकलं असतं आमच्या अकलेवर."

ती मनमोकळी हसली. शेजारणी हसल्या. बायजाही अर्ध्या तोंडाने हसली. वेणूबाईने कुठेतरी बघायचं म्हणून खाली बघितलं.

"मोजले होते," ती म्हणाली.

"काय?"

"ऐंशी रुपये मी घेतले. तांडेलांनी मोजून दिले." आता थांबता येत नव्हतं. "नवी येणार हे मला आधीच ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं, कुठे मिळेल का. मी नाही म्हणाले. लग्नाच्या दिवशी नव्या प्लेटी माझ्या दुकानात होत्या."

वलांडीवरचा एक बोंबील खाली पडला, तो कुणी उचलला नाही. ठमाबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. पण ती वेणूबाईकडे बघतच नव्हती. वेणूबाईच्या मागे, अंगणाच्या कडेला, तुळशीराम येऊन उभा होता. खांद्यावर ओला दोर.

"राजपुरीला उसनं दिलं म्हनालास," ठमाबाई त्याला म्हणाली. "सूत. मेव्हन्याला उसनं."

त्याने खांद्यावरचा दोर सावरला.

"सूत इकलंस तू? प्लेटीसाठी?"

तो बायजाकडे बघत होता. बायजाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कुडाला टांगलेल्या फाटक्या जाळ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने पदर ओढायला लागली. एका हाताने तो नीट येईना, खांद्याशी अडकत होता. कुणीतरी मदत करायला हवी होती, पण जो तो जागच्या जागी थिजला होता. अखेर तिने तो ओढून घेतला आणि तोंड झाकून घेतलं.

तुळशीरामने दोर जमिनीवर टाकला.

"तुला हलकं व्हायाचं व्हतं, वेणूबाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. इतक्या वर्षांत तो तिला पहिल्यांदा एकेरीत बोलत होता. "वझं तुजं व्हतं. माज्या दारात कशाला आनून टाकलंस? तिला ठाऊक नव्हतं. ती खूश व्हती. दोन मयने ती खूश व्हती."

"मला तुम्हाला एकट्यालाच..." तिने सुरुवात केली, पण वाक्य पुरं केलं नाही. गाठ सोडायला लागली. बोटांना ती सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. नोटा तिने ओट्यावर ठेवल्या.

तुळशीराम त्यांच्याकडे बघेना. ठमाबाई पुढे झाली, हात लुगड्याला पुसले आणि नोटा उचलून भावाच्या पुढ्यात धरल्या.

"घे. सूत आन. शरमेनं जाळं इनून होत न्हाय." मग वेणूबाईकडे वळून, तोंडाकडे न बघता: "जा तुमी आता. तर सुटंल."

तरीत अंबाजीने पैशासाठी हात पुढे केला आणि तिने दिले.

गोष्ट खाडी ओलांडून मुरुडात यायला दोन भरत्याही लागल्या नाहीत. बाजारात कुणी तोंडावर काही बोललं नाही. एकदऱ्याची लग्नं त्या वर्षी रेवदंड्याहून फोनो मागवून झाली. दिरांनी निरोप धाडला की वहिनींनी आलेले पैसे परत करायचा वेडेपणा करायला नको होता. करमअली आला तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चहा ढवळत म्हणाला, "धंद्यात असं चालतं, बाई. मन लावून घेऊ नका."

"चालतं," वेणूबाई म्हणाली. "चालतं म्हणूनच केलं मी."

तो मनातून बरा माणूस होता. पुढच्या फेरीला तो चहाआधीच पेटी उघडून बसला.

तुळशीरामने सूत आणलं. पावसाळ्याआधीचे थोडे दिवस त्याला मिळाले, पण मोसम बुडाल्यातच जमा होता. नारळी पुनव झाली, होड्या पुन्हा बाहेर पडल्या, आणि त्यात त्याची होती, हे वेणूबाईने किनाऱ्यावरून लांबूनच पाहिलं. शिडावरून ओळखली.

दसऱ्याच्या सुमाराला गोदू दुकानात आली. माहेरपणाला आली होती. अंगाने भरली होती, कपाळावर मोठं कुंकू. बापासारखीच ती पायरीशी उभी राहिली, पण अंग चोरून नाही.

"सुया द्या येक डबी."

वेणूबाईने डबी काढली. विचारू नये असं तिला वाटत होतं, तरी विचारलं. "लावता का प्लेट?"

"पावसाळाभर आयनं लावू दिली न्हाय. बाबानं हात लावला की वरडायची." गोदूने डबी उघडून आत सुया आहेत का पाहिलं. "आता मी आले, तर मी लावते. मी लावली की गप बसते. तोंड भितीकडं करून ऐकते."

"बरी आहे ना पण?"

गोदूने डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की नव्हता हे वेणूबाईला सांगता आलं नसतं.

"तशीच हाय," ती म्हणाली. "पैसे किती?"

असू दे, असं वेणूबाईच्या ओठांवर आलं होतं. मग तिने सुयांचा जो काय भाव होता तो सांगितला. गोदूने नाणी फळीवर ठेवली, उरलेली मागून घेतली, हातात दोनदा मोजली आणि कनवटीला लावून तरीच्या वाटेला लागली.